पाकीट अडलं मशीनमुळे, बोलणी खातात ताई

"अंगणवाडीच्या बाई आहार द्यायला टाळाटाळ करतात."

गेल्या काही महिन्यांत ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली की शेवटी सविस्तर लिहायचं ठरवलं. तक्रार करणारे खोटं बोलत नाहीत. पाकीट मिळालं नाही, हेलपाटा पडला, हे खरं आहे. पण बहुतेक ठिकाणी टाळाटाळ ताई करत नाहीत. त्यांच्या हातात जे मशीन दिलंय ते अडवतंय, आणि ते का अडवतंय हे त्यांनाही सांगत नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात लहान लेकरू किंवा गरोदर बाई आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी नेमकं काय चाललंय ते समजून घेऊ. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. सरकारी भाषेत टीएचआर. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. अंगणवाडीच्या नोंदी २०२१ पासून केंद्र सरकारच्या 'पोषण ट्रॅकर' या ॲपवर होतात. आणि १ जुलै २०२५ पासून या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. म्हणजे आधी आधारची केवायसी, त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी. त्यानंतर वाटपाच्या वेळी मोबाइलसमोर चेहरा धरायचा. जुळला तर वाटपाची नोंद, नाही जुळला तर पुन्हा प्रयत्न करा.

मंत्रालयात बसून ऐकलं तर अगदी सोपं वाटतं. आता हेच आपल्या वाडी-वस्तीवर आणून बघा.

ओटीपी जातो तो नंबर नवऱ्याचा. नवरा ऊसतोडीला, नाहीतर पुण्याच्या कंपनीत. तो कामावर असताना फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ओटीपीची मुदत संपलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिला जेमतेम ५४ टक्के. ज्या योजनेच्या लाभार्थी बायकाच आहेत, तिचं कुलूप मोबाइलच्या ओटीपीवर ठेवताना हा आकडा सरकारच्याच कपाटात होता.

पुढे आधारचा फोटो. तो लग्नाआधीचा, माहेरच्या पत्त्यावरचा. आता बाई सात महिन्यांची गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली, चेहरा सुजलेला किंवा उतरलेला. अंगणवाडीच्या खोलीत उजेड कमी. रेंज हवी असेल तर शाळेच्या पायरीवर नाहीतर रस्त्यापलीकडे लिंबाखाली जायचं. एवढं करून स्क्रीनवर ते गोल फिरत राहतं. चूक कुठे झाली? फोटो अंधुक आला, नेट गेलं, सर्व्हर बसला, की आधारमध्येच घोळ आहे? ताईंना कळायला मार्ग नाही. समोर दहा-बारा बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या, त्यातल्या निम्म्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या.

या सगळ्यात मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. समोरची बाई कोण, हे ताईंना माहीत असतं. तिच्या लेकराचं वजन दर महिन्याला त्याच करतात. पोलिओच्या डोसाला त्याच घरोघर फिरतात. गरोदरपणाची नोंदही त्यांनीच घेतलेली असते. गावातल्या प्रत्येक घरातलं माणूस त्या नावानिशी ओळखतात. पण त्यांच्या ओळखीला या यंत्रणेत किंमत नाही. मशीन म्हणालं हीच ती बाई, तरच ती बाई.

बरं, अधिकार काढून घेतला तर निदान जबाबदारी तरी काढून घ्यावी! तेही नाही. वरून पर्यवेक्षिका विचारणार, तुमच्या केंद्राची टक्केवारी कमी का? खालून गाव विचारणार, पाकीट का नाही? निर्णय मशीननं घ्यायचा आणि बोलणी मानधनावर काम करणाऱ्या बाईनं खायची, असा हा कारभार आहे.

२०२१ चा ऑगस्ट आठवतोय का? राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल कार्यालयात नेऊन परत केले होते. फोन २ जीबी रॅमचा, हँग होतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी, आणि ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तेव्हा "यांना शिकायलाच नको, कामचुकारपणा आहे" असं म्हणणारे आपल्यातही होते. ज्या बाईनं वर्षानुवर्षं ढीगभर रजिस्टरं हातानं लिहिली, तिला काम नको होतं, हे मला तरी पटत नाही. तिला चालणारं हत्यार हवं होतं.

मशीन आणि ते चालवणारा माणूस यांचं हे भांडण जगात नवीन नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत अपघात झाला. एक झडप उघडी अडकली होती. पण नियंत्रण कक्षातला दिवा दाखवत होता तो फक्त 'बंद हो' असा आदेश गेल्याचा. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे दाखवणारा दिवाच नव्हता. पहिल्या काही मिनिटांत धोक्याच्या शंभराहून जास्त सूचना एकदम सुरू झाल्या, आणि माणसं गोंधळून चुकीचे निर्णय घेत गेली. चौकशी आयोगानं कर्मचाऱ्यांच्या चुका दाखवल्याच, पण त्यांना मिळालेलं प्रशिक्षण आणि त्या कक्षाची रचना यांच्यावरही बोट ठेवलं. १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सोपं काम मशीनला देता, अवघड तेवढं माणसासाठी ठेवता, आणि मशीन बिघडल्यावर त्याच माणसानं सगळं सावरावं अशी अपेक्षा करता. मग त्याला तशी साधनं आणि सराव आधीच का देत नाही?

दुसरं उदाहरण तर आपल्या ताईंच्या फारच जवळचं आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या हिशेबात नसलेली तूट दिसायची. गावोगावचे पोस्ट चालवणारे लोक सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत, संगणकात गडबड आहे. वरून उत्तर एकच, यंत्रणा बरोबर आहे. अनेकांनी खिशातून पैसे भरले, काही तुरुंगात गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मशीन खरं आणि माणूस खोटा, असं आधीच धरून चाललं की गोष्ट कुठवर जाते ते बघा.

आता दुसरी बाजू. "साहेब, आहारात चोरी होत नव्हती का? बोगस नावं नव्हती का?" होती. पाकिटं जनावरांच्या दावणीला गेलेली आपणही पाहिलीत. तपासणी हवीच. पण चोरी कुठे कुठे होते तेही बघा. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलं होतं. २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं महाराष्ट्रातली टीएचआरची निविदा रद्द ठरवली. म्हणजे वरच्या मजल्यावर काय चालतं हे कोर्टात दिसलंय, आणि कॅमेरा मात्र लावलाय सगळ्यात खालच्या पायरीवर, लेकरू कडेवर घेतलेल्या बाईच्या तोंडासमोर.

चांगली यंत्रणा आपल्याकडे बनत नाही असंही नाही. भाजीवाल्याकडचं ते बोलणारं डबडं घ्या. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, मोबाइल बघायला सवड नाही, हे ओळखून कुणीतरी ते बनवलंय. "पन्नास रुपये प्राप्त झाले" हे ते मोठ्यानं, त्याला कळेल अशा भाषेत सांगतं. किंवा मतदानाचा दिवस घ्या. मशीन बंद पडलं म्हणून केंद्राध्यक्ष मतदारांना "पुढच्या महिन्यात या" म्हणत नाहीत. राखीव मशीन जवळ ठेवलेलं असतं, ते आणून बदलतात. मतदार कार्ड नसेल तर दुसरा पुरावा चालतो. का? कारण मत वाया जाता कामा नये हे आधी ठरलं आणि मग व्यवस्था आखली गेली. लेकराचा घास वाया जाता कामा नये, हेही तसंच आधी ठरवता येतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे:

१. अडलं तर का अडलं, ते स्पष्ट मराठीत दिसलं पाहिजे. 'उजेड कमी आहे', 'नेट नाही', 'सर्व्हर बंद आहे, थोड्या वेळाने करा', असं.

२. दोन-तीन प्रयत्नांत चेहरा जुळला नाही तर ताईंनी ओळख पटवून त्याच दिवशी पाकीट द्यावं आणि कारण नोंदवावं. पर्यवेक्षिकेनं नंतर घरी जाऊन खात्री करावी. पर्याय परिपत्रकात असून भागत नाही, ताईंच्या स्क्रीनवर असला पाहिजे.

३. रेंज नसलेल्या ठिकाणी नोंद फोनमध्येच साठावी आणि रेंज आली की आपोआप वर जावी.

४. मशीनच्या बिघाडाची नोंद मशीनच्या नावावर पडावी. ताईंच्या टक्केवारीतून ती वजा करावी. कोणत्या प्रकल्पात किती वेळा पडताळणी फसली, हे दर महिन्याला जाहीर करावं.

५. नवीन काही आणायचं असेल तर आधी रेंज नसलेल्या दहा वाड्यांवर, तिथल्या सेविकांना सोबत घेऊन वापरून बघावं, आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्यावं.

यात चंद्रावर जाण्यासारखं काही नाही. चोराला पकडायलाही याचीच मदत होईल. ताईंनी हातानं दिलेल्या पाकिटाला कारण आणि तारीख असेल. आज नुसतं 'वाटप झालं नाही' एवढंच उरतं, आणि त्यामागे चोरी होती की रेंज नव्हती हे कुणालाच सांगता येत नाही.

आता तुमच्याकडे एक काम. तुमच्या घरचा आहार अडला तर ताईंशी भांडू नका. त्यांच्या शेजारी उभं राहून स्क्रीनवर काय आलंय ते वाचा आणि तारीख, वेळ लिहून ठेवा. लेखी तक्रार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याचं पद आहे, एक प्रत त्यांनाही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. खाली कमेंटमध्ये गावाचं नाव, तारीख आणि अडचण एवढंच टाका. बाईचं नाव, आधार नंबर, फोटो अजिबात टाकू नका. आलेली सगळी यादी मी जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभागाकडे घेऊन जाणार आहे, आणि तिथे काय उत्तर मिळालं ते इथेच लिहीन.

सेविका ताईंनो, तुम्हाला कमेंट करणं अडचणीचं असेल तर मेसेंजरवर लिहा. नाव कुठे जाणार नाही.