फोटो बघून बूट घेणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून लेहला ट्रेकसाठी आलेली मंडळी बाजारात भेटली की मी हल्ली एक प्रश्न मुद्दाम विचारतो. बूट कुठून घेतले? उत्तर बहुधा किमतीतच येतं. "साडेसहा हजारांचे होते सर, सेलमध्ये चोवीसशेला पडले." बूट कधी बनलेत, पायात घालून किती चाललात, यावर काही उत्तर नसतं. चोवीसशे मात्र तोंडपाठ. माझं भांडण आहे ते या चोवीसशेच्या अभिमानाशी.

काटकसरीशी अजिबात नाही. फौजेत प्रत्येक वस्तूला ठरवून दिलेलं आयुष्य असतं आणि ते संपेपर्यंत दुसरी मिळत नाही. त्यामुळे पिट्ठूची चेन गेली की छावणीच्या सदर बाजारातला शिंपी गाठायचा, बुटाची शिवण उसवली की मोची गाठायचा, ही सवय खडकवासल्यापासूनच अंगात मुरते. देवळाली असो, महू असो, अंबाला असो, सदर बाजारात असा शिंपी आणि असा मोची सापडतोच. माझ्या लेखी काटकसर म्हणजे हे दोघे.

आता बुटांबद्दल. ट्रेकिंगच्या पुष्कळ बुटांत तळव्याखालचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हा पदार्थ हवेतल्या दमटपणानं हळूहळू विघटित होतो. बूट वापरा किंवा डब्यात ठेवा, त्याला फरक पडत नाही. काही वर्षांनी वरून कोरा दिसणारा बूट पहिल्याच मोठ्या चालीत खालून बिस्किटासारखा चुरा होतो. भिवंडीच्या एखाद्या गोदामात तीन-चार पावसाळे काढलेला जोड तुम्हाला 'साठ टक्के सूट' म्हणून मिळाला, तर सूट कशाबद्दल मिळाली याचा विचार करा. मार्खा खोऱ्यात दुसऱ्याच दिवशी दोन्ही सोल निखळलेला आपल्याकडचा एक मुलगा मी पाहिला आहे. तंबूच्या दोरीनं बूट बांधून तो दीड दिवस चालला. एक बोट काळंनिळं पडलं होतं. नशिबानं वाचलं.

डब्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. पॅकबंद मालाचे २०११ चे वैधमापन नियम तसं सांगतात. २०१७ साली या नियमांत दुरुस्ती झाली आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनाही किंमत, उत्पादक वगैरे माहिती पडद्यावर दाखवणं सक्तीचं केलं. त्यातून एक गोष्ट मात्र वगळली. कोणती, तर हाच महिना आणि हेच वर्ष! दुकानात डबा उलटा करून पाच सेकंदांत वाचता येणारी गोष्ट ऑनलाइन घेताना पैसे दिल्यावर कळते. वाण्याकडे बेसनाच्या पुड्यावरची तारीख बघणारी माणसं बर्फात जायचे बूट तारखेविना कशी घेतात, हे मला कळत नाही.

आमचा एक हवालदार साताऱ्याकडचा, घरी शेती. त्याला हा विषय सांगितला तर म्हणाला, "साहेब, बैल घेताना आपण दात मोजतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. अन् बूट फोटो बघून घ्यायचे?" यापुढे मी काय भर घालणार?

स्लीपिंग बॅगचं प्रकरण त्याहून वाईट. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'उणे १०' लिहिलेलं असतं. कसलं उणे १०? युरोपीय मानकाप्रमाणे चाचणी केलेल्या बॅगेला तीन आकडे असतात. पहिला आरामाचा. दुसरा मर्यादेचा, म्हणजे अंग मुडपून झोपलेला सामान्य पुरुष रात्र काढेल तो. तिसरा टोकाचा, आणि त्या आकड्याचा अर्थ एवढाच की सहा तास माणूस थंडीनं मरणार नाही. हिमदंश तरीही होऊ शकतो. स्वस्त बॅगेवर एकच आकडा असतो, तो तिन्हींपैकी कुठला ते लिहिलेलं नसतं, आणि बऱ्याचदा चाचणीच झालेली नसते. जानेवारीत झंस्कारच्या गोठलेल्या नदीवर, चादर ट्रेकला, रात्री पारा उणे २० च्या खाली जातो. तिथे हा घोळ निस्तरायला कस्टमर केअर नसतं.

दुकानदाराला हे मानक माहीत असेलच असं नाही. पण दुकानात बॅग हातावर तोलता येते, आत शिरून चेन दहा वेळा लावता-काढता येते, शिवणीतून उजेड दिसतो का ते बघता येतं. "मी स्वतः यात झोपलोय का?" हा प्रश्न दुकानदाराला विचारायला लावा, म्हणजे "तुम्ही झोपलात का यात?" असं सरळ विचारा. लेहच्या चांगस्पा भागात याचं खरं उत्तर देणारी माणसं बसलेली असतात.

"पण परत करता येतं की!" हा ठरलेला युक्तिवाद. येतं, आठ-दहा दिवसांत. आपण सामान घेतो जूनच्या सेलमध्ये आणि ते अंगावर चढतं डिसेंबरात. बूट घेऊन महिनाभर सिंहगड चढल्या-उतरल्याशिवाय तो चावतो की नाही हे कळत नाही, आणि चढलात की तो परत जात नाही.

काही मंडळींनी यावर तोडगा काढला आहे, तो मात्र चीड आणणारा आहे. दुकानात जायचं, पाच जोड उघडायला लावायचे, माप पक्कं करायचं, डब्यावरच्या मॉडेलचा फोटो काढायचा आणि बाहेर पायरीवर उभं राहून फोनवर ऑर्डर टाकायची. यात पेन्शनर मंडळीही आहेत. माझ्याहून ज्येष्ठ आहेत, म्हणून आदरानं सांगतो: सर, याला आमच्याकडे फुकटेपणा म्हणतात. त्या पोराचा अर्धा तास, दुकानाचं भाडं, शिलकीत अडकलेली सगळी मापं, याची किंमत तुमच्या बचतीत कुणीतरी भरलेली असते. सदर बाजारातली अशी दुकानं बंद पडत चालली आहेत, आणि मग आपणच म्हणतो की इथे काही मिळत नाही.

दुकानदार संत आहेत असं माझं म्हणणं नाही. पर्यटक बघून दुप्पट भाव सांगणारे आहेत. मोठ्या परदेशी नावाची नक्कल छातीवर लावलेली जाकिटं तर प्रत्येक हिल स्टेशनला टांगलेली असतात. आणि 'मिलिटरीचा माल' या शब्दांवर तर मुळीच जाऊ नका. तो माल फौजेचा असेल तर तुमच्याकडे यायला नको आणि नसेल तर त्याचे जादा पैसे कशाला? टॉर्च, बाटली, बॅटरी, ठरावीक मापाचे मोजे हे ऑनलाइन खुशाल मागवा. मीही मागवतो, अर्थात पुण्याच्या घरी, कारण पत्त्यात '५६ एपीओ' लिहिलं की टपाल खात्याशिवाय कुणी आमच्या दारी येत नाही.

स्थानिक बाजाराचं खरं मोल भावात नाहीच. अरुणाचलात पोस्टिंग होतं तेव्हा महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊन आलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी बाजारातून गमबूट आणायचे. चिखल आणि जळवा यांच्यापुढे तिथली माणसं जे घालतात तेच चालतं. पिथौरागड, धारचुलाकडे नेपाळी गोल्डस्टार घालून पाठीवर ओझं वाहणारे लोक मी रोज बघितले. आपल्या सह्याद्रीत ओल्या कातळावर अ‍ॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग शूजनी कितीक पिढ्या तारल्या. यातलं काहीही महाग नाही. तिथल्या पायांनी तपासलेलं आहे, इतकंच.

यंदा लेहला येणार असाल तर स्लीपिंग बॅग आणि जाडजूड जाकीट विकत घेऊच नका. चांगस्पा आणि फोर्ट रोडवर दोन्ही भाड्यानं मिळतात. वर्षातून आठ दिवस लागणाऱ्या वस्तूला घरात कपाट कशाला अडवायचं? चेन स्वतः लावून बघा, उजेडाला धरून बघा, मगच डिपॉझिट द्या. बूट तेवढे स्वतःचे आणा, रुळलेले. हातमोजे मोती मार्केटात घ्या, भाव जरूर करा, आणि एक नाही, दोन जोड घ्या. पहिला हमखास ओला होतो.