नॉर्वेने स्वतःच्याच नद्यांत विष का कालवले?

१९८० च्या दशकापासून नॉर्वेच्या शासनाने आपल्या अनेक सालमन-नद्यांत रोटेनोन हे विष सोडले. नदीतले सारे मासे मारणे हाच त्यामागील हेतू होता. या निर्णयावर कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तरीही अपराधाचे मूळ विषाच्या पिंपात शोधणे चुकीचे आहे. ते त्याआधीच्या मत्स्यबीजाच्या वाहतुकीत आहे.

जायरोडॅक्टिलस सॅलारिस हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा चपटा कृमी. आकड्यांनी तो माशाच्या कातडीला व परांना चिकटतो आणि कातडीवरच पोसतो. त्याची वाढ विलक्षण असते: कृमीच्या पोटातील पिलाच्या पोटात पुढचे पिलू आधीच वाढत असते. मधल्या कोणत्याही यजमान प्राण्याची त्याला गरज नसते. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांतील सालमन पिढ्यान्‌पिढ्या या कृमीसह जगत आले. तेथे तो फारसा उपद्रव करीत नाही. स्वीडनमधून आणलेल्या माशांबरोबर तो नॉर्वेत शिरला आणि १९७५ मध्ये तेथे प्रथम आढळला. अटलांटिककडील सालमनने हा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. बाधित नद्यांतील पिलांची संख्या सरासरी ८० टक्क्यांहून अधिक घटली आणि बाधित नद्यांची संख्या हळूहळू पन्नाशीच्या घरात गेली.

येथेच मत्स्यव्यवस्थापनाची खरी चूक दिसते. किती पिले सोडली याची नोंद चोख ठेवली जाई; त्या पिलांच्या अंगावर काय आहे, हे पाहण्याची तसदी घेतली गेली नाही. बरे, धडा नवा नव्हता. १९३० च्या दशकात सोव्हिएत संघात कॅस्पियनमधील स्टर्जन अरल समुद्रात नेले गेले आणि त्यांच्या कल्ल्यांवरील कृमींनी अरलच्या मूळ स्टर्जनचा संहार केला. ही घटना शास्त्रज्ञांनी तेव्हाच नोंदवली होती.

परजीवी दिसला की रोग आलाच, असे मात्र नाही. रानातल्या बहुतेक प्रत्येक माशावर कोणी ना कोणी पोसत असतो. म्हणून केवळ ‘कोणता कृमी’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या खोऱ्यातला, कोणत्या माशावर’ हेही विचारावे लागते.

ते न विचारल्याची किंमत वेफ्स्ना नदीने मोजली. तेथे कृमी १९७८ मध्ये आढळला. २०११-१२ मध्ये रोटेनोन सोडले गेले. यजमान मेला की कृमीही मरतो, हा त्यामागचा हिशेब. मूळ सालमनचा वंश जनुकपेढीत आधीच जपून ठेवला होता, म्हणून तो नदीत परत आणता आला. नदी कृमिमुक्त घोषित झाली ती २०१७ मध्ये. आज नॉर्वेत एका नदीतून दुसरीत जाण्यापूर्वी गळ, जाळी व बूट निर्जंतुक करावे लागतात.