एकच डाव सगळ्यांना?

आधीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. तिसऱ्या सेमिस्टरला मला एम-थ्रीची केटी लागली आणि तिला 'फुटबॉल मॅनेजर' हा गेम निम्मा तरी जबाबदार होता. तेव्हा 'हे पोरगं आता गेमची जाहिरात करणार' असं समजून पान उलटणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी जरा थांबावं, ही नम्र विनंती! गेम खेळा असं मी कुणालाच सांगत नाहीये. पण त्या गेमवर घालवलेल्या रात्रींतून एक गोष्ट मात्र पक्की कळली. तीच गोष्ट मैदानावर न कळल्यामुळे आपल्या कॉलेजची टीम गेल्या हिवाळ्यात सेमी-फायनलला आपटली, असं माझं मत आहे. ते मांडायलाच हा लेख.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात बटण दाबून बॉल मारायचा नसतो. तुम्ही असता मॅनेजर. खेळाडू विकत घ्यायचे, सराव ठरवायचा, टीम कशी उभी राहील ते सांगायचं आणि मग बाहेर बसून मॅच बघायची! ऑलिव्हर आणि पॉल कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी बनवलेला हा गेम १९९२ साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या नावाने बाजारात आला. २००४ पासून त्याच मंडळींचा गेम 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने येतो. निव्वळ पोरखेळ म्हणाल, तर इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबने २००८ साली खेळाडू शोधण्यासाठी याच गेमचा डेटाबेस वापरायचा करार केला होता. आमच्या ब्लॉकमध्ये अजून २०२४ चीच आवृत्ती चालते. २०२५ ची आवृत्ती कंपनीने रद्द केली आणि २०२६ ची आमच्या लॅपटॉपना पेलवत नाही. असो.

तर झालं असं. ब्लॉकमधल्या आठ जणांनी मिळून एक नेटवर्क गेम सुरू केला. मी इंग्लंडच्या खालच्या विभागातला एक गरीब क्लब घेतला. सगळे पंडित म्हणत होते की हा शेवटून दुसरा येणार. मी काय केलं? तेच, जे आपण जर्नल आणि असाइनमेंटच्या बाबतीत करतो. सीनियरच्या पेनड्राइव्हवरून तयार टॅक्टिक उचलली! ४-२-३-१, डिफेन्स पार मिडलाइनपाशी, बॉल गेला की सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. गेममध्ये याला 'गेगनप्रेस' म्हणतात. आणि काय सांगू मित्रांनो, पहिल्या सीझनला आम्ही थेट दुसरे आलो, वरच्या विभागात गेलो. मी स्वतःला मोठा मॅनेजर समजायला लागलो. मेसच्या रांगेत लोकांना सल्ले द्यायला लागलो.

दुसऱ्या सीझनला मोठ्या टीमकडून हरलो असतो तर काही वाटलं नसतं. पण आपल्यापेक्षा कमजोर टीम येऊन एक-शून्यने मारून जायच्या! बॉल सत्तर टक्के वेळ आमच्याकडे, गोलवर वीस शॉट, आणि ते एकदाच पुढे येणार, एक लांब पास आमच्या डिफेन्सच्या मागे, गोल! अशा वेळी हॉस्टेलमध्ये जे म्हणतात तेच मीही म्हटलं, "गेम चीटिंग करतो." गेम सेव्ह करून हरल्यावर पुन्हा लोड करायचा चोरटा धंदा नेटवर्कमध्ये जमत नाही, नाहीतर तोही केला असता.

माझा रूम पार्टनर कोल्हापूरचा. तिथे फुटबॉलच्या टीम तालमींच्या नावाने असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम अशी नावं आणि शाहू स्टेडियमवर ही गर्दी! हा लहानपणापासून ते बघत आलेला. एका रात्री माझ्या मागे उभा राहून त्याने अर्धी मॅच बघितली आणि म्हणाला, "भावा, तू सगळ्या गड्यांना एकच डाव लावायला लागलायस. जड गड्याशी आणि चपळ गड्याशी सारखंच कोण लढतं काय? समोर कोण हाय ते तरी बघ की."

मग बघितलं. गेममध्ये प्रत्येक मॅचच्या आधी समोरच्या टीमचा रिपोर्ट येतो. ते कसे उभे राहतात, गोल कुठून करतात, कुठून खातात, सगळं. दीड सीझनमध्ये मी तो एकदाही उघडला नव्हता! तो वाचल्यावर गंमत लक्षात आली. माझी टॅक्टिक जुनी झाली नव्हती, माझ्याकडे बघायची लोकांची नजर बदलली होती. पहिल्या वर्षी आम्ही लिंबूटिंबू होतो, म्हणून सगळे आमच्यावर चाल करून यायचे. त्यांच्या मागे मोकळं मैदान राहायचं, आम्ही बॉल हिसकावला की रस्ता साफ! दुसऱ्या वर्षी आमचं नाव झालं आणि तेच लोक आपल्या गोलसमोर दहा जण घेऊन बसायला लागले. आता मोकळं मैदान होतं ते आमच्या मागे, आणि आमचे दोन्ही सेंटर-बॅक पळण्यात बैलगाडी! म्हणजे पहिल्या वर्षीच्या यशानेच दुसऱ्या वर्षीचा खड्डा खणला होता.

त्यानंतर मी समोरच्या टीमचे ढोबळ तीन प्रकार पाडले. पहिला, गोलसमोर ठाण मांडून बसणारा. इथे सगळ्यांची पहिली चूक म्हणजे अजून अटॅकिंग होणं. त्याने गर्दीच वाढते. उलट टीम दोन्ही बाजूंना पसरवायची, घाई कमी करायची, प्रेस करायची रेषा थोडी मागे घ्यायची म्हणजे ते जरा बाहेर येतात, आणि एक मिडफिल्डर राखणीला मागेच ठेवायचा. दुसरा प्रकार, आपल्यापेक्षा तगडा. तिथे डिफेन्स मागे, मधली फळी दाट, आपले सेंटर-बॅक उंच असतील तर क्रॉस येऊ द्यायचे, आणि बॉल मिळाला की वेळ न घालवता पुढे. पण पुढे एक तरी पळणारा ठेवायचाच, नाहीतर काढलेला प्रत्येक बॉल परत आपल्याच अंगावर येतो. तिसरा, आपल्या बरोबरीचा पण अंगावर येऊन प्रेस करणारा. त्याच्यापुढे गोलकीपरपासून छोटे पास खेळण्याची हौस महागात पडते. एक-दोन लांब बॉल डोक्यावरून टाकले की त्याचा डिफेन्स आपोआप मागे सरकतो.

याशिवाय समोरच्या एकेका खेळाडूसाठी वेगळी सूचना देता येते. याला मोकळं सोडू नका, त्याला कमजोर पायाकडे ढकला, अमुक डिफेंडरचे पास कच्चे आहेत तर त्याच्याच अंगावर जा. एवढं करून त्या सीझनला मी दहावा आलो. चॅम्पियन वगैरे झालो नाही, पण खालच्या विभागात परत जायची वेळ टळली.

आता यावर लोकांचा एक ठरलेला आक्षेप असतो. "सारखं समोरच्याला बघून बदलत राहिलं तर आपला खेळ कुठला उरला?" आक्षेप खोटा नाही. गेममध्येसुद्धा फॉर्मेशन एकदम बदललं की टीमची त्या पद्धतीशी असलेली ओळख कमी होते आणि पोरं गोंधळतात. खऱ्या फुटबॉलमधलं उदाहरण हवं तर २९ मे २०२१ ची चॅम्पियन्स लीग फायनल घ्या. पेप गार्डिओलासारख्या माणसाने चेल्सीविरुद्ध मँचेस्टर सिटीचे रोद्री आणि फर्नांदिन्यो हे दोघेही राखणीचे मिडफिल्डर सुरुवातीला बाहेर बसवले. हॅवर्ट्झने हाफटाइमच्या आधी गोल मारला आणि सिटी १-० ने हरली. फार डोकं चालवलं, अशी टीका गार्डिओलावर आजही होते.

म्हणून माझं म्हणणं असं की सांगाडा तोच ठेवा, दोन-तीन स्क्रू फिरवा. आपण वर्कशॉपमध्ये काय करतो? लेथ तोच असतो, पण माइल्ड स्टीलला जो स्पीड आणि फीड तोच ब्रासला देत नाही. दिला तर जॉब बिघडतो, आणि वर्कशॉपचे सर काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही! जॉब बघून सेटिंग केलं म्हणून लेथ कुणी दुसरा होत नाही.

मोठमोठ्या टीमनी हेच केलंय. २०१० साली मोरिन्योच्या इंटर मिलानने चॅम्पियन्स लीगच्या सेमी-फायनलला आपल्या घरी बार्सिलोनावर चाल करून ३-१ ने जिंकलं. आठच दिवसांनी, २८ एप्रिलला, बार्सिलोनाच्या मैदानावर त्यांचा थिआगो मोट्टा अर्ध्या तासाच्या आतच बाहेर काढला गेला. मग त्याच टीमने दहा जणांत गोलसमोर भिंत उभी केली. सॅम्युएल एटोसारखा जगातला नावाजलेला स्ट्रायकर फुलबॅकसारखा मागे राबत होता. ती मॅच ते ०-१ हरले, पण एकूण ३-२ ने फायनलला गेले आणि कपही जिंकले. समोरचा तोच, पण परिस्थिती वेगळी, म्हणून खेळ वेगळा.

आणि आपलं घरचं उदाहरण तर याहून भारी आहे. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरला होता. फायनलला पुन्हा तेच समोर! आपला खंदा डिफेंडर जर्नेल सिंग याच्या डोक्याला मधल्या एका मॅचमध्ये दुखापत होऊन टाके पडले होते. कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सेमी-फायनलपासून चक्क फॉरवर्ड म्हणून खेळवलं. फायनलला पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेलने एक गोल मारला, भारत २-१ ने जिंकला आणि गोल्ड मेडल घेऊन आला. 'माझी ठरलेली टीम अशीच खेळते' असं रहीम म्हणत बसले असते तर?

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यातली आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा. मी लेफ्ट-बॅक. पहिल्या दोन मॅच आपण दणक्यात जिंकलो, पुढे जाऊन प्रेस करून. सेमी-फायनलच्या आदल्या रात्री टीम मीटिंगला मी विचारलं, "समोरची टीम कशी खेळते?" कॅप्टन म्हणाला, "आपण आपला खेळ खेळायचा, समोर कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?" टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मीही वाजवल्या.

त्यांचा राइट-विंगर वाऱ्यासारखा पळत होता. आमचा डिफेन्स मिडलाइनपाशी, माझ्या मागे तीस-चाळीस मीटर मोकळं मैदान. दोनदा तोच बॉल, माझ्या डोक्यावरून त्याच्यापुढे, आणि हाफटाइमला आपण ०-२. मी म्हटलं, डिफेन्स दहा पावलं मागे घेऊया. उत्तर आलं, "घाबरलास काय?" यावर कुठला पोरगा हो म्हणेल? तसंच खेळलो आणि १-३ ने हरलो. फायनल इयरच्या चार जणांची ती कॉलेजसाठीची शेवटची मॅच होती. बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत.

पण खरा धक्का दोन दिवसांनी मेसमध्ये बसला. फर्स्ट इयरचा एक पोरगा समोर जेवत होता. तो सहज म्हणाला की त्या टीमची क्वार्टर-फायनल त्याने मैदानावर जाऊन बघितली होती, कारण त्याचा मावसभाऊ त्यांच्याकडून खेळतो. "तो विंगर ना? त्याला फक्त उजवा पाय आहे, दादा. आत वळवला की संपला." मी विचारलं, आधी का नाही बोललास? म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

म्हणजे रिपोर्ट आपल्याच मेसमध्ये वरण-भात खात बसला होता आणि आम्ही तो उघडला नाही. ज्या चुकीवरून गेमला शिव्या दिल्या, तीच चूक मी बूट घालून केली, वर टाळ्याही वाजवल्या. या पराभवाचं खापर मी एकट्या कॅप्टनवर फोडत नाही. मीटिंगला चौदा जण होतो, आग्रह कुणीच धरला नाही.

म्हणून जिमखान्याला दोन मागण्या. एक, पुढच्या स्पर्धेत आपल्यासमोर येऊ शकणाऱ्या टीमची मॅच बघायला दोन पोरांना पाठवावं आणि त्या दिवसाची त्यांची हजेरी खेळाडूंसारखीच धरावी. खर्च बसच्या तिकिटाचा. दोन, त्यांनी एक पान लिहून आणावं. ते कसे उभे राहतात, वेगवान कोण, कच्चा कोण, कॉर्नर कसे घेतात, एवढंच. ते पान मीटिंगला मोठ्याने वाचावं आणि आपण फार तर तीन गोष्टी बदलाव्यात. चौथी बदलायची नाही. हॉस्टेलच्या पोरांनाही विनंती, की तुम्हाला काही माहीत असेल तर फर्स्ट इयरचे असलात तरी बिनधास्त येऊन सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.

छापायला देण्याआधी हा लेख मी कॅप्टनला वाचायला दिला. त्याला अर्धाच मान्य आहे. विंगरचं म्हणणं पटलं, "पण टाळ्यांचं कशाला लिहिलंस?" म्हणाला. मी म्हटलं, वाजवल्या होत्या ना, म्हणून लिहिलं.

आणि हो, केटी सुटली!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल