संगणक शिकून करावयाचे काय?

अमरावती-अकोल्याकडील एखाद्या मुलाने किंवा मुलीने संगणकशास्त्राला प्रवेश घेतला, की शेजारीपाजारी लगेच विचारतात, "मग पुढे पुणे की बंगळूर?" दुसरा प्रश्न पगाराचा. काम कोणते करणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि माझ्या मते विचारण्याजोगा प्रश्न तोच होय.

मुलांनो, या विद्येच्या वाटा अनेक आहेत. कोणी आज्ञावली लिहितो, कोणी बँकांचे व्यवहार सुरक्षित राखतो, कोणी संशोधन करतो, कोणी शिकवतो. परंतु साचेबंद आज्ञावली आता यंत्रेही लिहू लागली आहेत. तेव्हा सांगितले तेवढेच लिहिणाऱ्यापेक्षा अडचण नेमकी कोठे आहे हे ओळखणाऱ्याची गरज अधिक भासेल.

डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. भारताला हवा होता तितका शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली व तिची धुरा भटकरांकडे आली. एकच प्रचंड यंत्र घडविण्याऐवजी अनेक लहान गणकांना एकाच वेळी कामास जुंपावयाचे, एका वावरात दहा डवरे एकदम चालावेत तसे, अशी ती युक्ती होती. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला.

भटकरांनी हे काम पुण्यात केले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. काम नेईल तेथे माणसाने जावे. पण वऱ्हाडातही काम पडून आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी नासाडी केली. ही अळी बोंडाच्या आत दडते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की उपायाची वेळ आली असे समजतात. पण ज्याला त्याला आपल्याच सापळ्याचे कळते. शंभर गावांचे आकडे रोज एकत्र आले, तर कीड कोणत्या दिशेने वाढते आहे ते आधी दिसू शकेल. पिकाचे जाणकार अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९६९ पासून आहेत. अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. मधले अंतर जेमतेम शंभर किलोमीटर!

शिवाय इशारा द्यावयाचा तो शेतकऱ्याच्या बोलीत. तो 'पऱ्हाटी' म्हणेल, आणि यंत्राला ते कळले पाहिजे. संगणकाकडे वळणाऱ्या मुलांना मराठीचा तास नकोसा वाटतो, ही माझी जुनी तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

यावर एक आक्षेप आहे, व तो खोटा नाही. असे काम सांगणारे आणि त्याचा योग्य मोबदला देणारे या भागात फार थोडे आहेत. कर्ज काढून शिकलेली मुलगी पुण्याला गेली, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. विचारावयाचे असेल तर ते आम्हा वडीलधाऱ्यांस विचारावे: येथील बाजार समित्यांनी, जिनिंगवाल्यांनी, बँकांनी तिला कोणते काम देऊ केले होते?