एकदा तरी आई होऊ दे म्हणे!

"अहो, एकदा तरी आई होऊ दे की तिला!"

मनीच्या ऑपरेशनचा विषय निघाला की सोसायटीत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. आणि मीही गाढवासारखा दोन वर्षं ऐकत बसलो. मनी नऊ वर्षांची. "आता वय झालंय, काही होत नाही" हा दुसरा लाडका गैरसमज. अहो, मांजरांना रजोनिवृत्ती नसते! म्हातारी मांजरही गाभण राहते.

राहिली. साधारण ६३-६५ दिवसांनी व्यायली. चार पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. तिने ते चाटून चाटून उठवायचा प्रयत्न केला. हे बघायला "आई होऊ दे"वाले कुणी नव्हते बरं का.

तिसऱ्या आठवड्यात रात्री एक वाजता मनी थरथरायला लागली, पाय ताठ. मला वाटलं, संपलं. रिक्षा, डॉक्टर, शिरेतून कॅल्शियम. तिघांना पाजून पाजून रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, ते पिल्लांचं खाद्य असेल तर उत्तम, हे मला त्या रात्री कळलं. नऊ वर्षं मांजर पाळून!

बरं, सुटका झाली म्हणावं, तर पाचव्या आठवड्यात बोका गॅलरीबाहेर हजर. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. मग काय, दारं-खिडक्या बंद, घरात वास, बायकोची बोलणी. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, दूध आटलं, वयामुळे आधी रक्ततपासणी, आणि मग एकदाचं ऑपरेशन.

"पण हे निसर्गाच्या विरुद्ध नाही का?" विचारणाऱ्या काकांच्या छातीत पेसमेकर आहे. असो.

एक वेत झाल्याने मांजरीच्या तब्येतीला काडीचा फायदा होत नाही. उलट ऑपरेशन टाळलं तर उतारवयात गर्भाशयात पू होण्याची भीती, शिवाय स्तनांच्या गाठी, आणि मांजरांमध्ये त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्याच निघतात. हे सगळं पाच-सहा महिन्यांची असतानाच, एका दिवसात उरकलं असतं. च्यायला, मी सॉफ्टवेअरमधला बग एवढा लांबवत नाही.

आता मनी गळ्यात कॉलर घालून कीबोर्डवर झोपलीय. दोन पिल्लांना घरं मिळाली. तिसऱ्यासाठी त्या वाक्यवाल्या काकूंकडे गेलो, तर म्हणाल्या, "अय्या, आमच्या ह्यांना केसांची ॲलर्जी आहे ना!"

पिल्लू अजून आमच्याकडेच आहे. मादी आहे. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय.