गाठ हाताला लागली, मग थेंबाची वाट कशाला?

परवा ओपीडीत शनिवार पेठेतल्या एक ताई आल्या. वय पन्नाशीपुढचं. स्तनातली गाठ चार महिन्यांपासून हाताला लागत होती. सुईची तपासणी सुचवताच त्यांनी मोबाइल पुढे केला. रक्ताच्या थेंबातले ‘मायक्रोआरएनए’ पाहून कर्करोग कळतो, असा मेसेज होता. ‘‘डॉक्टर, सुईनं आजार पसरतो म्हणतात. त्यापेक्षा ही रक्ताची तपासणी करू या ना?’’

मेसेजमागचं विज्ञान खोटं नाही. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. जनुकाचा निरोप घेऊन संदेशवाहक आरएनए निघतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. सुमारे २२ अक्षरांचे चिमुकले मायक्रोआरएनए या निरोपाला चिकटतात. मग तो अडतो किंवा नष्ट होतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हे दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं. स्तनाच्या कर्करोगात हा तोल बिघडतो. उदाहरणार्थ, मायक्रोआरएनए-२१ वाढतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या ‘पीटेन’ या जनुकाचा आवाज दाबतो.

यात आपल्याकडचंही काम आहे. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रातल्या डॉ. अमित दत्त यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दिलं. मायक्रोआरएनए-१२९-२ वाढला आणि त्यामुळे प्रोजेस्टेरॉनला पकडणारा रिसेप्टर कमी झाला. त्या मायक्रोआरएनएला रोखल्यावर रिसेप्टरची घट टळली. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘पीआर’ लिहिलेलं असतं, तो हाच रिसेप्टर.

मग रक्ताची तपासणी का नको? मायक्रोआरएनए निरोगी माणसाच्या रक्तातही असतात; प्रश्न कमी-जास्त प्रमाणाचा असतो. मायक्रोआरएनए-२१ इतर कर्करोगांत आणि सूज असतानाही वाढतो. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी काही आकडे बदलतात. म्हणूनच निदानाच्या नेहमीच्या पद्धतीत ही तपासणी अजून आलेली नाही. उद्या आली, तरी गाठीचा तुकडा तपासावा लागेलच. ईआर, पीआर आणि हर-२ यांवरूनच उपचार ठरतात. आणि सुईनं आजार पसरतो, ही भीती निराधार आहे.

उलट, साध्या हाताची ताकद मुंबईत दिसली आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाखांवर महिलांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: सगळी वयं एकत्र धरली तर मृत्यूंतला फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता, पण पन्नाशीपुढच्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. अशी तपासणी प्रत्येक सरकारी दवाखान्यात नियमित व्हायला हवी. त्याला महागडं यंत्र लागत नाही. प्रशिक्षित माणूस आणि पडद्याआडची जागा लागते.

प्रयोगशाळेतलं संशोधन चालू राहावं, त्याला पैसाही मिळावा. पण आज हाताला लागलेली गाठ उद्याच्या शोधासाठी थांबत नाही. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती कसली, हे मात्र तपासल्याशिवाय कळत नाही.

ताईंना एवढंच सांगितलं, ‘‘चार महिने गेले, आता चार दिवसही नकोत.’’ त्यांनी बायोप्सीची तारीख घेतली.