उमेदवारीचं वर्ष कुणाचं?



धंदा शिकायला दुसऱ्याच्या हाताखाली राहण्याला आपल्याकडे 'उमेदवारी करणं' म्हणतात. सोनाराच्या पेढीवर, वकिलाकडे, छापखान्यात पोरं उमेदवारी करायची. पडेल ते काम करायचं, बोलणी खायची आणि एक दिवस स्वतःच्या पायावर उभं राहायचं. त्यात मुलगी कुठे नव्हती. तिची उमेदवारी आईच्या चुलीपुढे व्हायची आणि परीक्षा सासरी. आता रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण शिकणाऱ्या मुली कंपन्यांमध्ये उमेदवारी करायला निघाल्या आहेत. नावं नवी आहेत: इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, ऑन जॉब ट्रेनिंग. आमच्या मंगळवेढ्याच्या केंद्रावर मारहाणीच्या, पोटगीच्या तक्रारी येतातच. आता या मुलींचे प्रश्नही येऊ लागले आहेत. म्हणून या अंकाच्या सुरुवातीला त्यांच्याबद्दल लिहीत आहे.

मंगळवेढा हे ज्वारीचं कोठार. पण तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडत आली आहेत. अशा गावातली मुलगी घरची कामं उरकून, एस.टी.ने ये-जा करून बी.एस्सी. होते, हीच मोठी गोष्ट. पुढे कंपनी गाठायची तर सोलापूरजवळची चिंचोळी औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यातलं कुरकुंभ, नाहीतर थेट पुणे. गावाला रेल्वे नाही, सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पाळीचं काम असेल तर रोज ये-जा जमत नाही, खोली घ्यावी लागते. इथेच पहिली अडचण येते. मुलगा पुण्याला खोली करून राहिला तर तो 'कंपनीत लागला' असं कौतुक होतं. मुलगी राहिली तर स्थळ घेऊन आलेले पाहुणे विचारतात, "वर्षभर पोरगी कुठं होती?" या एका प्रश्नाच्या धाकाने कितीतरी मुलींचं ते वर्ष सुरू होण्याआधीच संपतं.

ज्या जाऊ शकल्या त्यांच्याशी आम्ही बोललो. काहींना खरोखर शिकायला मिळालं. एकीने सांगितलं, "कॉलेजात ज्या यंत्राचं नुसतं चित्र पाहिलं होतं, त्यावर मी स्वतः नमुने लावले. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते तपासलं." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या मुलींचा अनुभव वेगळा. मुलांना उत्पादन विभागात, यंत्रांपाशी पाठवायचं आणि मुलींना बाटल्यांवर लेबल लावायला, काचेची भांडी धुवायला, रजिस्टरं उतरवून काढायला बसवायचं. 'तुमचं अक्षर चांगलं असतं' हे कारण. घरातली श्रमविभागणी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत येते ती अशी. वर्षाच्या शेवटी दोघांनाही सारखंच प्रमाणपत्र मिळतं. पण नोकरीच्या मुलाखतीत 'कोणतं यंत्र चालवलं?' असं विचारलं की मुलीजवळ सांगायला काही नसतं. तिने वर्ष दिलं, पण काम शिकण्याची संधी तिला मिळालीच नाही.

'आधी वर्षभर करून दाखव, मग बघू' ही अट विज्ञानात बाईला नवी नाही. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत दाखल व्हायला गेल्या. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या बाई आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाची भाषा करून उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्रीही काम करायचं, आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. ही शेवटची अट नीट वाचा. लक्ष पुरुषांचं विचलित होणार आणि हमी द्यायची कमलाबाईंनी! त्यांनी ते वर्ष पार पाडलं, दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. त्यांच्यामागून त्या संस्थेची दारं इतर मुलींना उघडली. 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण तिची दुसरी बाजू विसरू नये. कमलाबाईंचे वडील आणि काका स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्या संतापून उभ्या राहिल्या तेव्हा घर त्यांच्या पाठीशी होतं. ज्या मुलीचं घर पाठीशी नाही, जिच्या घरात ती पहिलीच पदवीधर आहे, तिने एकटीने सत्याग्रह करावा अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. एकटीच्या धैर्यावर अवलंबून राहायला लागू नये यासाठीच तर कायदे, नियम आणि संघटना लागतात.

कायदा काय सांगतो? 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा कलम 18 मध्ये स्पष्ट म्हणतो की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही कामगाराच्या व्याख्येतून त्याला वगळलं आहे. म्हणजे काम कामगाराइतकं, पण युनियनच्या दारात जावं तर 'तू आमची नाहीस'. मात्र याच कायद्यात दोन आधार आहेत. कारखान्यातले आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे नियम उमेदवारालाही कामगारासारखेच लागू होतात (कलम 14), आणि कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची (कलम 16). विद्यावेतनही ठरलेलं आहे. 2019 च्या नियमांत पदवीधर उमेदवाराला महिना किमान 9,000 रुपये धरले होते. 2024 साली राज्य सरकारने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तीत पदवीधरांना 10,000 ठरले. त्याच वर्षी केंद्राच्या वर्षभराच्या इंटर्नशिप योजनेत 5,000 ठरले.

पण हे सगळं रीतसर करार झालेल्यांसाठी किंवा योजनेत नाव असलेल्यांसाठी. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जी मुलगी कंपनीत जाते, तिच्या हाती बहुतेक वेळा कॉलेजच्या शिफारसपत्राशिवाय काही नसतं. खोलीभाडं आणि खानावळ बापाच्या कर्जातून. मग घरात दोन मुलं शिकत असतील तर कुणाला पाठवायचं हे वेगळं सांगायला नको.

सुरक्षिततेचा प्रश्न विशेष मांडायला हवा. औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यात टोल्युइनसारखे द्रावक असतात, आम्लं असतात, कुठे संप्रेरकांची भुकटी असते. त्यांचा त्वचेवर, फुप्फुसावर, गर्भाशयावर काय परिणाम होतो हे सांगणारा कागद प्रत्येक रसायनाबरोबर येतो, तो इंग्रजीत असतो आणि कपाटात असतो. आमच्या गावाला हे नवीन नाही. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारी आहे. त्या भिंतीखाली मेलेल्या बाकीच्या मजुरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. हजेरीपटावर ज्यांचं नाव नसतं, त्यांच्या जिवाचा हिशोबही नसतो.

लैंगिक छळाबाबत मात्र आपल्या हाती ठोस हत्यार आहे. भंवरीदेवीच्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि त्यातून 2013 चा कायदा. या कायद्यातल्या 'कर्मचारी' शब्दात प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार यांचा नावानिशी समावेश आहे. कंपनीच्या गाडीतला प्रवासही कामाच्या जागेत मोडतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे मुलींना आधी सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनी तर इंटर्नशिपची जागासुद्धा कॉलेजच्या आवारातच धरली आहे. म्हणून 'ते कंपनीत घडलं, आमचा संबंध नाही' असं कोणत्याही प्राचार्यांना म्हणता येणार नाही. तरीही आमच्याकडे आलेल्या एका मुलीला तिच्या कॉलेजने नेमकं हेच ऐकवलं होतं.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हा आठवड्यातले दोन दिवस आम्हाला वस्तीत किंवा संस्थेत काम करावं लागे. पण प्रत्येकीला एक प्राध्यापक नेमून दिलेले असत. काय केलं ते लिहून द्यायचं आणि दर आठवड्याला त्यांच्याशी बसून बोलायचं. अडचण आठ दिवसांच्या आत कुणाच्या तरी कानावर जाई. विज्ञानाच्या मुलीला पाठवताना एवढी साधी पद्धत का असू नये? त्यासाठी पैसा लागत नाही, मुलीचं वर्ष मोलाचं आहे असं वाटावं लागतं.

तेव्हा आपल्या गटांनी जवळच्या कॉलेजांपुढे काही मागण्या ठेवाव्यात असं सुचवते. मुलीला पाठवण्याआधी कॉलेजच्या बाईंनी ती जागा, स्वच्छतागृह आणि राहण्याची सोय पाहून यावी. काम, वेळ, विभाग आणि विद्यावेतन लेखी असावं, आणि मुलांना मिळतील ते सर्व विभाग मुलींनाही पाळीपाळीने मिळावेत. रसायनांची माहिती मराठीत द्यावी. अंतर्गत समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन पहिल्याच दिवशी हाती द्यावा. रात्रपाळी संमतीशिवाय नको, आणि संमती दिली तर घरापर्यंत वाहन हवं. 'रात्र नको म्हणून मुलीच नकोत' ही पळवाट आपण मान्य करायची नाही. प्रमाणपत्रावर ती प्रत्यक्ष काय शिकली ते लिहिलेलं असावं.

कॉलेजशी भांडणं त्यातल्या त्यात सोपं. घरांशी बोलणं अवघड आहे, आणि ते काम आपल्याशिवाय कुणी करणार नाही. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, शेतावर, जिथे बाया जमतात तिथे हा विषय काढू या. जी मुलगी वर्ष पुरं करून आली तिला तिथे बोलायला उभं करू या. शेजारच्या गावची, आपल्याच भाषेत बोलणारी पोरगी यंत्राबद्दल सांगू लागली की आईच्या मनातली भीती निम्मी होते, हे आम्ही पाहिलं आहे.

तुमच्या भागात असे अनुभव असतील, चांगले किंवा वाईट, तर कळवा. मुलींची नावं छापणार नाही. पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने एका तरी कॉलेजात जाऊन यावं आणि काय उत्तर मिळालं ते लिहून पाठवावं, ही विनंती.